रत्नम्माच्या हातची गोधडी

मी एक गोधडी बोलतेय. पण तुम्ही अंगावर पांघरता ती नव्हे. लोक घर बदलतात, तेव्हा त्यांची कपाटं, फ्रीज, देवघरं, आरसे ज्यात गुंडाळून टेम्पोत चढवतात, ती जाड, ओबडधोबड गोधडी मी. सोलापुरात 'सुखरूप' नावाची सामान हलवणारी कंपनी आहे. तिच्या गोदामात माझं आयुष्य गेलं. मला सांभाळून धरा, असं आजवर कुणी म्हणालं नाही. सांभाळायचं असतं ते माझ्या आतलं. त्याचं मला वाईटही वाटत नाही. मी तेवढ्यासाठीच जन्मले.

आज बोलायला बसलेय ते तक्रार करायला नव्हे. काही माणसांचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ती माणसं स्वतःहून काही सांगणारी नाहीत. म्हणून मी सांगते.

माझा जन्म शहराबाहेर, हमरस्ता सोडून आत, ज्वारीच्या रानाकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. माझं वरचं अंग सोलापुरी चादरीचं. मागावर कुठंतरी धागा चुकला, नक्षीतला मोर तिरपा विणला गेला, म्हणून ती चादर दुकानात गेली नाही. आत कापसाची आणि चिंध्यांची भर, खाली जाड काळं कापड. अशा टाकाऊ गोष्टी एकत्र शिवून मी झाले.

शेडमध्ये अकरा बायका शिलाई मशिनवर बसायच्या. मला शिवलं ते रत्नम्मानं. ती कर्नाटकातल्या आळंदच्या पलीकडच्या एका खेड्यातली. वय तिशीच्या पुढचं, नवरा नाही. गावी म्हातारी आई आणि सहावीत शिकणारी मुलगी, काव्या. मुकादमानं थोडी उचल हातावर ठेवून तिला आणलं होतं. सहा महिने काम, मग घरी, असं ठरलं होतं. मी शिवली गेले तेव्हा तिला तिथं येऊन पंधरा महिने झाले होते.

शेडचा मालक प्रभु. टेंभुर्णीकडचा माणूस. त्यानं कुणाला कधी मारलेलं मी पाहिलं नाही. तो फारसा ओरडायचाही नाही. आल्या दिवशी त्यानं सगळ्यांची आधार कार्डं घेतली, म्हणाला, तुमच्याकडं हरवतील. महिन्यानं मोबाईल घेतले, म्हणाला, कामात लक्ष राहत नाही. मग गेटला बाहेरून कुलूप लागलं, कारण चोऱ्या वाढल्यात. प्रत्येक वेळी त्याच्याकडं कारण असायचं, आणि कारण ऐकायला बरंच वाटायचं. कुणी घरी जायचं नाव काढलं की तो शांतपणे म्हणायचा, "उचल फिटली की जा की. मी कुठं धरून ठेवलंय?" उचल कधी फिटणार, हे मात्र त्याला एकट्यालाच ठाऊक.

मी अर्धी शिवून मशिनवर होते त्या दिवशी सकाळी प्रभु रत्नम्माजवळ येऊन उभा राहिला.

"गावावरनं फोन होता," तो म्हणाला. "तुझी आई गेली म्हणं. काल."

रत्नम्माचा पाय थांबला. "काल?"

"आता जाऊन काय करणार? माती झालीय. हितली ऑर्डर परवा द्यायची हाय. ती झाली की बघू."

तो गेला. शेजारची बाई उठून जवळ आली, तिनं रत्नम्माच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं रत्नम्मानं पुन्हा पायडलवर पाय ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळं सुई कुठं चाललीय ते तिला दिसत नव्हतं. माझ्या एका कडेची शिवण वीतभर वाकडी गेली आणि दोन ठिकाणी धागा सुटाच राहिला. ती 'परवा' आली आणि गेली. तिला कुणी गावी सोडलं नाही. पण मला मात्र गठ्ठ्यात बांधून 'सुखरूप'च्या टेम्पोत टाकलं. गेटचं कुलूप माझ्यासाठी उघडलं. तिच्यासाठी नाही. हे मला तेव्हापासून खुपत होतं.

'सुखरूप'मध्ये आले आणि जग पाहिलं. माणसं घर बदलताना कशी वागतात हे माझ्याइतकं कुणी जवळून पाहिलं नसेल. तुटकी सुटकेस टाकून द्यायची की न्यायची यावर नवराबायको तासभर भांडतात. नवी गादी हमालानं खांद्यावर घेतली तर जीव वरखाली होतो, त्याचा पाय जिन्यात अडखळला तर आधी गादीकडं बघतात. काही जण पाणी देतात. काही जण पाणी देताना वेगळा पेला शोधतात. विजापूर रोडवरच्या एका आजींनी मात्र सामान निघाल्यावर रिकाम्या घरात सगळ्यांना खाली बसवून भात-सार वाढलं होतं, कारण गॅस शेवटी काढायचा त्यांनी ठरवलंच होतं. त्यांची आठवण मी ठेवलीय.

मला सर्वांत जास्त वाहिलं ते मल्लेशनं. अक्कलकोटच्या पुढच्या, सीमेवरच्या गावचा हा तिशीतला हमाल. कानडी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, मराठी सोलापुरात येऊन पक्की झालेली. सामान उचलण्याआधी तो त्यावर हात फिरवून बघायचा, गुराच्या पाठीवर फिरवावा तसा. टेम्पो चालवायचे मौलाचाचा. खड्डा आला की म्हणायचे, "मागं पोटुशी बाई बसलीय असं समजून चालवायचं." आणि ऑफिसात होती यास्मीन. कोटेशन, बुकिंग, खरेदी सगळं तिच्याकडं. तिचे वडील ट्रक चालवायचे, त्यामुळं गाडीवरच्या माणसाचं दुखणं तिला न सांगता कळायचं.

मालकांचं नाव सिद्धलिंगप्पा. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. एका जुन्या टेम्पोवर त्यांनी हा धंदा उभा केला. पहिली पाच वर्षं स्वतः कपाटं उचलली, अजूनही त्यांची कंबर त्याची साक्ष देते. मनानं वाईट माणूस नव्हे. एवढंच, की वीस वर्षं जे चालत आलं ते बरोबरच असणार असं त्यांना वाटायचं.

एके दिवशी एका घरी आम्ही मोठा आरसा उतरवत होतो. मी त्याला गुंडाळलेली. जिन्याच्या वळणावर माझी ती वाकडी शिवण उसवली, भर बाहेर आली आणि आरसा घसरला. मल्लेशनं गुडघा पुढं घातला. आरसा वाचला. त्याचा गुडघा आठवडाभर सुजून होता. यास्मीननं मला बाजूला काढून ठेवलं. म्हणाली, "ही परत करायची. माणसाच्या अंगावर काच पडली असती."

त्याच आठवड्यात चिंचोळी एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्याकडून बोलावणं आलं. त्यांचं ऑफिस आणि गोदाम पुण्याला हलवायचं होतं. 'सुखरूप'ला इतकं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. कोटेशनबरोबर त्यांनी एक फॉर्म भरून मागितला. त्यात गाड्यांचे कागद, विमा हे सगळं होतंच, पण शेवटच्या पानावर वेगळे प्रश्न होते. तुमच्याकडं कुणी मनाविरुद्ध काम करतं का? कुणाचे मूळ कागद तुम्ही ठेवून घेतलेत का? आणि तुम्ही ज्यांच्याकडून खोके, दोर, गोधड्या विकत घेता, त्यांच्याकडं असं काही आहे का?

अण्णांनी ते पान वाचलं आणि परत दिलं. "सगळीकडं 'नाही' वर खूण कर. संध्याकाळी पाठव."

"आपल्या गोधड्या शिवणाऱ्या बायका मी कधी पाहिल्याच नाहीत, अण्णा," यास्मीन म्हणाली. "न बघता 'नाही' कसं लिहू?"

"अगं, फॉर्म असतोय तो. वाचतंय कोण?"

"कुणी वाचत नसेल तर दोन दिवस उशीर चालेल की. नाहीतरी ती गोधडी परत करायला जायचंच आहे."

अण्णा हसले आणि जा म्हणाले. त्यांना वाटलं, बाई हट्टी आहे, जाऊन येईल आणि खूण करेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मौलाचाचांच्या टेम्पोतून यास्मीन, मल्लेश आणि मी माझ्या जन्मस्थळी निघालो. मला आनंद होत होता आणि भीतीही वाटत होती.

प्रभुनं गेटवरच अडवलं. चहा मागवला, गोधडी इथंच ठेवा म्हणाला. "आत लई धूळ असते, मॅडम. तुमाला सोसायची न्हाय."

"मला शिवण कशी घालतात ते बघायचंय," यास्मीन म्हणाली. "पुढची ऑर्डर मोठी आहे. बघितल्याशिवाय देता येणार नाही."

ऑर्डरचं नाव निघालं आणि कुलूप उघडलं.

आत सगळं तसंच होतं. अकरा मशिन, अकरा वाकलेल्या पाठी. कुणी मान वर केली नाही. यास्मीन एकेकीजवळ थांबली. "ताई, किती दिवस झाले तुम्हाला इथं?" प्रभु म्हणाला, "झालं की वर्षभर." तिनं दुसरीला विचारलं, "सुट्टी कधी असते?" प्रभु म्हणाला, "पाहिजे तवा." तिसरीला विचारलं, "घरी कधी गेला होता?" त्यालाही प्रभुनंच उत्तर दिलं. यास्मीन पुढं काही विचारेना. तिला जे कळायचं ते कळलं होतं. एकाही बाईला आपल्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देता येत नव्हतं.

मल्लेश मला घेऊन रत्नम्माच्या मशिनशी गेला. मीच तिच्याकडं ओढले गेले असं मला वाटतं, पण खरं तर तिचंच मशिन दाराजवळ होतं. त्यानं मला पसरलं, उसवलेली कड दाखवली आणि हळूच कानडीत विचारलं, "अक्का, ऊरु यावदु?" गाव कुठलं, अक्का?

इतक्या महिन्यांत परक्या माणसानं तिला तिच्या भाषेत विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. मान खालीच ठेवून तिनं गावाचं नाव सांगितलं. मल्लेशचं गाव तिथून फार लांब नव्हतं. मग शिवण तपासत असल्यासारखं करत ती थोडक्यात बोलत गेली. कार्ड घेतलंय, हरवेल म्हणून. फोन घेतलाय. गेटला कुलूप असतं. आई मेली तरी सोडलं नाही. मुलगी कुणाजवळ आहे, ठाऊक नाही. आपल्याला सोडवा, असं ती म्हणालीच नाही. तेवढी आशा तिच्याजवळ उरली नव्हती. तिनं फक्त एवढंच मागितलं, "माझ्या लेकीला एक फोन कर. आई जिवंत हाय म्हणून सांग."

घरच्या मोबाईलचा नंबर कसा द्यायचा? तिनं मशिनवरचा खडू उचलला आणि माझ्या खालच्या काळ्या कापडावर दहा आकडे लिहिले. कानडी आकडे. ती तेवढंच शिकलेली होती.

तेवढ्यात प्रभु आला. मला उचलून बघितलं. "हे काय लिव्हलंय?"

"शिवणीची खूण," रत्नम्मा म्हणाली. आवाज जराही हलला नाही.

प्रभु टेंभुर्णीकडचा. त्याला कानडी बोललेलं कळत नव्हतं, लिहिलेलं तर लांबच. त्यानं मला खाली टाकलं. रत्नम्मानं माझी वाकडी कड उसवली आणि सरळ शिवून दिली, दुहेरी धाग्यानं. ती शिवण आजही शाबूत आहे.

टेम्पो हमरस्त्याला लागल्यावर मल्लेशनं मला मांडीवर उलटं पसरलं आणि नंबर लावला. फोन काव्यानं उचलला. ती शेजारच्यांच्या घरी राहत होती. मल्लेशनं कानडीत सांगितलं, तुझी आई बरी आहे. मग ती मुलगी म्हणाली, "खोटं न्हाय ना?" मल्लेशनं ते मराठीत सांगितलं, तेव्हा मौलाचाचांनी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून तोंडावर पाणी मारलं.

ऑफिसात यास्मीननं अण्णांना सगळं सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "वाईटच झालं की. पण आपुन काय पोलीस हाय का? आपुन गोधडी घेतो. त्याच्या घरात काय चालतंय ते आपल्याकडं कशाला? फार तर उद्यापासून दुसरीकडनं घेऊ."

"आपण दुसरीकडून घेऊ. त्या बायका तिथंच राहतील," यास्मीन म्हणाली. "त्यानं कार्डं ठेवून घेतलीत, अण्णा. कार्डाशिवाय बाई जाणार कुठं?"

मल्लेश दारात उभा होता. तो मला ठेवायला आला होता आणि तिथंच थांबला होता. साहेबांसमोर तो सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलला, तेही अगदी हळू.

"अण्णा, रागावू नका. पण आमची बी कार्डं तुमच्या कपाटात हाइत की."

अण्णांचा हात खिशातल्या चावीकडं गेला.

"ते वेगळं हाय," अण्णा म्हणाले. "दोन पोरं पुण्याला जाताना मधेच गाडी सोडून गेली होती. गिऱ्हाइकाचं सामान रस्त्यावर. तवापासनं ठेवतो. आणि हरवत बी न्हाईत."

यास्मीन म्हणाली, "प्रभुपण त्या बायकांना अगदी हेच म्हणाला होता."

मला वाटलं, अण्णा आता चिडणार. त्यांचे कान लालही झाले. ते उठले, खिडकीपाशी गेले, बाहेर हमाल दोर गुंडाळत होते त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना काय आठवत होतं कोण जाणे. मग त्यांनी मल्लेशकडं न बघता विचारलं, "तुला कधी अडचण झाली का रं कार्डाची?"

"बहिणीला दवाखान्यात न्यायची होती. नाव लावायला माझं कार्ड मागितलं. तुमी सुरतेला होता. चावी तुमच्याजवळ."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुमी तरी कधी इचारलं?"

अण्णांनी खिशातून चावी काढली, कपाट उघडलं आणि रबर लावलेली कार्डांची चळत टेबलावर ठेवली. सगळ्या हमालांना आत बोलावलं. एकेकाचं नाव घेऊन कार्ड हातात दिलं. शेवटी तीन कार्डं उरली. ती माणसं काम सोडून गेली होती, कार्ड मागायचंही धाडस न करता. अण्णा त्या तीन फोटोंकडं बराच वेळ बघत बसले. मग मौलाचाचांना म्हणाले, "यांचे पत्ते शोधा. घरपोच द्या. आणि चुकलं म्हणून सांगा माझ्या वतीनं."

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः यास्मीनला घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेले. तक्रारीवर पहिली सही त्यांनी केली. मला नमुना म्हणून बरोबर नेलं होतं. माझ्या पाठीवरचे ते खडूचे आकडे त्यांनी अधिकाऱ्यांना दाखवले.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तहसीलदार मॅडम, कामगार खात्याचे लोक आणि पोलीस शेडवर पोचले. गेट उघडून घ्यायला अण्णा पुढं होते, कारण गिऱ्हाइकाला प्रभु नाही म्हणत नसे. मागं यास्मीन होती आणि मला खांद्यावर घेतलेला मल्लेश.

प्रभु म्हणाला, "विचारा की बायकांना. सगळ्या खुशीनं हाइत."

आणि बायकाही तेच म्हणाल्या. पहिली म्हणाली, खुशीनं आहोत. दुसरी म्हणाली, खुशीनं. यास्मीनचा चेहरा पांढरा पडला. मला मात्र त्या बायकांचं नवल वाटलं नाही. साहेबलोक दुपारी निघून जातील, प्रभु इथंच राहील, एवढा हिशेब त्यांना येत होता.

तहसीलदार मॅडमनी प्रभुला बाहेर पाठवलं, पोलिसांनाही बाहेर थांबायला सांगितलं. मग त्यांनी मला जमिनीवर पसरलं आणि माझ्यावर मांडी घालून बसल्या. बायकांना म्हणाल्या, "या, बसा. आज तुम्हाला इथं सोडून आम्ही जाणार नाही. राहायचं का जायचं ते तुम्ही सांगायचं."

दुभाषा म्हणून आत थांबलेल्या मल्लेशनं ते कानडीत सांगितलं. बायकांच्या नजरा प्रभु गेला त्या दाराकडं गेल्या. मग रत्नम्मा उठली, पुढं आली आणि माझ्या कडेला बसली. तिचा हात नेमका त्या तिरप्या मोरावर पडला. ती मोडक्या मराठीत म्हणाली, "बाई, माझी आई मेली. मला सोडलं न्हाय. मला घरी जायाचं हाय."

एवढंच. पण ते बोलल्यावर दुसरी उठली. मग तिसरी. एकजण सांगताना इतकी रडली की तिचं नाव लिहून घ्यायला पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. प्रभुच्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली, तेव्हा त्यात अकरा कार्डं, नऊ मोबाईल आणि एका बाईचं मंगळसूत्र निघालं.

वेठबिगारीतून सुटकेचे दाखले व्हायला तीन दिवस लागले. तोवर बायकांना शासकीय वसतिगृहात ठेवलं. मग सरकारी बसनं त्यांना गावोगावी पोचवायचं ठरलं. त्यांचं सामान न्यायला अण्णांनी 'सुखरूप'चा टेम्पो दिला. सामान हलवणं हेच तर आमचं काम. पण एवढी रिकामी गाडी मी कधी पाहिली नव्हती. अकरा बायकांचं मिळून जेमतेम एक कोपरा भरला. दीड वर्षाच्या कष्टाचं रत्नम्माचं सामान एका पिशवीत मावलं होतं. तरी मल्लेशनं ती पिशवी माझ्यात गुंडाळून दोरी बांधली, जणू आत काचसामान आहे.

रत्नम्माच्या दारात बस आणि मागोमाग आमचा टेम्पो थांबला, तेव्हा दुपार होती. काव्या शाळेच्या कपड्यांतच उंबऱ्यात उभी होती. आईच्या आठवणीतल्यापेक्षा ती पुष्कळ उंच झाली असणार, कारण रत्नम्मा आधी तिच्या खांद्याकडं बघत राहिली आणि मग चेहऱ्याकडं. दोघी धावल्याबिवल्या नाहीत. काव्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला. रत्नम्मा घरात न जाता उंबऱ्यावरच बसली. आत रत्नम्माच्या आईची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

"किती दिवस राहणार?" काव्यानं विचारलं.

"आता हितंच की," रत्नम्मा म्हणाली. मग ती रडली. आईसाठी रडायचं तिचं राहून गेलं होतं.

मल्लेशनं पिशवी सोडली, माझी घडी घातली आणि मला खांद्यावर टाकलं. निघताना रत्नम्मानं मला ओळखलं का? नाही. तिच्या हाताखालून माझ्यासारख्या शेकडो गेल्या होत्या. पण मी तिला ओळखत होते, तेवढं मला पुरलं.

त्या फॉर्मचं काय झालं ते सांगायचं राहिलं. यास्मीननं त्यावर 'नाही'ची खूण केली नाही. तिनं लिहिलं, आढळलं, कळवलं आहे, आणि आमच्याही कपाटात माणसांची कार्डं होती, ती आता परत दिली आहेत. अण्णांनी ते वाचून खाली सही केली. काम हातचं गेलं असंच सगळ्यांनी धरलं होतं. महिनाभर उत्तर आलं नाही. मग कारखान्याच्या एक बाई स्वतः गोदाम बघायला आल्या, हमालांशी एकेकट्याशी बोलल्या आणि गोदाम हलवायचं काम 'सुखरूप'ला दिलं. ऑफिसचं काम दुसऱ्या कंपनीकडं गेलं. अण्णा म्हणाले, अर्धी भाकरी पण पोटभर.

सगळं गोडच झालं असं मात्र नाही. प्रभुचा खटला अजून चालू आहे. त्या अकरांपैकी दोघी पुढच्याच हंगामात दुसऱ्या मुकादमाबरोबर ऊसतोडीला गेल्याचं कळलं. यास्मीन त्या दिवशी जेवली नाही. तिनं दोघींच्या गावी फोन लावले, श्रीपूरच्या साखर कारखान्याकडच्या ओळखीच्या माणसाला त्यांच्या टोळीची विचारपूस करायला सांगितलं. एकीचा पत्ता लागला. दुसरीचा अजून नाही. रत्नम्मा गावातच ब्लाउज शिवते आणि सुगीत रानात जाते. काव्या आठवीत गेली. अधूनमधून मल्लेशला फोन येतो, आणि तो कानडीत इतक्या मोठ्यानं बोलतो की सगळ्या गोदामाला कळतं.

आता नव्या गोधड्या कुंभारीकडच्या बायकांच्या एका गटाकडून येतात. यास्मीन तिथं न सांगता जाते, आणि खोके बनवणाऱ्यांकडं, दोर वळणाऱ्यांकडंही जाते. सुरुवातीला ते वैतागायचे. आता चहा ठेवतात. बायकांशी बोलताना मालकानं बाहेर बसायचं, हा तिचा नियम. अण्णा स्वतः नव्या हमालाला पहिल्या दिवशी सांगतात, कार्डाची झेरॉक्स दे, कार्ड तुझ्या खिशात ठेव.

आणि मी? मी म्हातारी झाले. मोराचा रंग गेला, मधोमध मोठं भोक पडलंय, काळं कापड विरलं. खडूचे आकडे तर कधीच पुसले गेले. काच गुंडाळायला आता मला कुणी घेत नाही. गोदामाच्या सावलीत मला अंथरतात आणि हमाल माझ्यावर बसून जेवतात. त्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीचा वास माझ्या अंगाला लागलाय. याहून चांगलं म्हातारपण मी मागितलं नसतं.

तुमचं घर कधी हलणार असेल, तर एवढं करा. सामान उचलणाऱ्याला त्याचं नाव विचारा, आणि उत्तर तोच देतो ना, ते बघा. त्याच्याऐवजी दुसरा कुणी बोलत असेल, तर तुमचं सामान घटकाभर खाली ठेवलं तरी चालेल. ज्या मालकांनी चुकल्यावर कपाट उघडलं, ज्या मुलीनं न बघता खूण केली नाही, ज्या हमालानं साहेबांसमोर तोंड उघडलं, आणि जी बाई घाबरलेली असूनही आधी उठली, त्यांची मी ऋणी आहे. त्यांनी मला जगात काही किंमत दिली.

परवाची गोष्ट. मल्लेश जेवण आटोपून माझ्यावरून उठला, हात धुतले आणि ऑफिसच्या दारात गेला. पूर्वी रजा मागताना त्याचे खांदे पडायचे, बोलता बोलता तो चपलेशी खेळायचा. परवा तो म्हणाला, "यास्मीनताई, उद्यापासनं चार दिवस मी गावाला जातोय. भाचीचं बारसं हाय."

यास्मीननं वहीत लिहिलं. "पेढे आण येताना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि गोदामाच्या उघड्या गेटमधून बाहेर पडला. कुणी टेम्पो धूत होतं, कुणी दोर गुंडाळत होतं. कुणीही मान वर करून पाहिलं नाही.